पाण्याला जेमतेम शिवणारी बोट

हायड्रोप्लेन म्हटले की आपल्या बहुतेक कॅडेटना पाण्यावर उतरणारे विमान आठवते. आपल्या छंदवर्गात जी बनतात ती विमाने नव्हेत. त्या शर्यतीच्या बोटी आहेत, १९५० च्या सुमारास अमेरिकेत धावणाऱ्या बोटींच्या छोट्या प्रतिकृती, रेडिओवर चालणाऱ्या. सुट्टीवर घरी गेल्यावर मुले याबद्दल भरभरून बोलतात आणि मग पालकांचे फोन येतात, की हे नेमके काय आहे, धोक्याचे तर नाही ना, आणि अभ्यासाशी याचा काय संबंध. म्हणून या वेळच्या मराठी पानासाठी हे लिहितो आहे.

विमान आणि बोट यांची गल्लत तशी अगदीच चुकीची नाही, आणि बेंगळुरूत तर नाहीच. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये इथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला, तोच आजचा एचएएल. दुसऱ्या महायुद्धात तिथे दोस्त राष्ट्रांची विमाने दुरुस्तीला येत. त्यांत कॅटालिना नावाच्या फ्लाइंग बोटी होत्या, म्हणजे ज्यांचे पोटच बोटीसारखे असते अशी विमाने. त्या उतरायच्या बेळ्ळंदूर तलावावर. कॅटालिनाचे पोट बाजूने पाहिले तर मधोमध एक पायरी दिसते, तळ तिथे एकदम वर उचलला जातो. ती पायरी कशासाठी हे समजले की हायड्रोप्लेन निम्मे समजले.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट घन आहे. साधी बोट पाणी बाजूला सारत जाते आणि जाताना स्वतःच एक लाट उभी करते. वेग वाढला की लाट लांब होते. शेवटी लाटेची लांबी बोटीएवढी होते आणि बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढत बसते. त्यापुढे कितीही ताकद लावा, वेग फारसा वाढत नाही. ७१ सेंटिमीटर लांबीच्या बोटीसाठी ही हद्द ताशी चार किलोमीटरच्या आसपास येते. परेडवर ‘तेज चल’मध्ये तुम्ही याहून जोरात चालता.

यातून सुटायचा मार्ग गावाकडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. चपटी खापरी तिरपी फेकून तळ्यावर भाकऱ्या काढताना खापरी पाणी कापत नाही, पाण्यावर आपटून वर उचलली जाते. बोटीचा तळ चपटा ठेवून नाळ, म्हणजे पुढचे टोक, किंचित वर ठेवले, की पुरेशा वेगाला पाणी तिला खालून वर ढकलते आणि बोट पाण्यातून बाहेर येऊन पाण्यावरून घसरू लागते. पायरीचे काम हे, की वर आलेल्या बोटीचा मागचा तळ पाण्याला चिकटून राहू नये. पायरीपाशी पाणी तुटते, मागे हवा शिरते, ओढ कमी होते. कॅटालिना याच्याच जोरावर पाणी सोडून हवेत जाई. शर्यतीच्या बोटीला मात्र हवेत जायचे नसते. तिला पाणी जवळजवळ सोडायचे असते, पण पूर्ण नाही. सगळी कला आणि सगळा धोका या ‘जवळजवळ’मध्ये आहे.

पूर्वी वेगासाठी इंजिने वाढवत. १९३२ साली गार वूड यांच्या ‘मिस अमेरिका दहा’ या पायरीच्या बोटीत चार पॅकार्ड इंजिने होती, मिळून ६,४०० अश्वशक्तीची. तिने ताशी १२४.८६ मैलांचा विक्रम केला. त्याच दशकात अमेरिकेतल्या न्यू जर्सीतील एपल पितापुत्रांनी दुसरी वाट धरली. त्यांनी बोटीच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंना एकेक पाय दिला. त्याला स्पॉन्सन म्हणतात. वेगात असताना बोट तीनच ठिकाणी पाण्याला शिवणार, दोन स्पॉन्सनचे मागचे टोक आणि तिसरा बोटीचा मागचा भाग. मधल्या बोगद्यातून हवा वाहणार आणि तीही बोटीला उचलणार. सर माल्कम कॅम्पबेल यांनी ऑगस्ट १९३९ मध्ये अशाच तीन टेकूंच्या ‘ब्लू बर्ड’ बोटीतून इंग्लंडच्या कॉनिस्टन सरोवरावर १४१.७४ मैल गाठले.

युद्ध संपले आणि अमेरिकेत विमानांची इंजिने स्वस्तात विकायला निघाली. ॲलिसन हे पी-४० विमानाचे इंजिन, मर्लिन हे स्पिटफायर आणि हरिकेनचे. स्पिटफायर, हरिकेन आपल्या वायुदलाने बर्मा आघाडीवर उडवलेली आहेत. ही बारा सिलिंडरची, सत्तावीस-अठ्ठावीस लिटरची इंजिने हौशी लोकांनी बोटींत बसवली. सिअ‍ॅटलमध्ये स्टॅनली सेयर्स यांच्यासाठी टेड जोन्स यांनी आराखडा केला, अँकर जेन्सन यांनी बोट बांधली, नाव ठेवले ‘स्लो-मो-शन चार’. नावातच चेष्टा आहे. २६ जून १९५० रोजी वॉशिंग्टन सरोवरावर तिने १६०.३२३ मैलांचा, म्हणजे ताशी २५८ किलोमीटरचा विक्रम केला. तोही एकाच ॲलिसन इंजिनावर.

चार इंजिने, १२४ मैल. एक इंजिन, १६० मैल. छंदवर्गाच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर हे दोन आकडे लिहितो, कारण दुसऱ्या दिवशी हमखास कोणीतरी म्हणणार असते, “सर, मोटर मोठी लावू या.”

‘स्लो-मो-शन’चे आणखी एक वैशिष्ट्य होते. वेगात असताना तिचा मागचा भागसुद्धा पाण्यावर टेकत नसे, तिसरा टेकू म्हणजे प्रॉपेलरच होता. त्याची खालची अर्धी बाजू पाण्यात, वरची अर्धी हवेत. हवेतली पाती पाणी वर फेकतात आणि बोटीमागे उंच तुरा उठतो. लोक तो तुरा पाहायला गर्दी करत. आपल्या बोटींमागेही उठतो, गुडघ्याएवढा, आणि मला अजून तो पाहताना कंटाळा आलेला नाही.

आम्ही फुटाला इंच हे प्रमाण घेतो, म्हणजे बारावा हिस्सा. परदेशी क्लबांत आठव्या हिश्श्याच्या बोटीही असतात, पण त्या मोठ्या, महाग, आणि त्यांना पाणीही मोठे लागते. मूळ बोट २८ फूट, तर आपली २८ इंच, म्हणजे वर सांगितलेले ७१ सेंटिमीटर. आता इथे गणित सुरू होते. लांबी बारापट कमी झाली, पण वजन लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींनी कमी होते, म्हणजे १,७२८ पट. मूळ बोट अडीच टनांची धरली तर आपली दीड किलोच्या आतच हवी. पहिल्या वर्षी बनवलेली प्रत्येक बोट याहून जड होते, कारण मुलांना इपॉक्सी ओतायला आवडते.

वेगाचे काय? तो बारापट कमी करायचा नसतो. लाटा आणि पाण्याचा उचल मूळ बोटीसारखाच दिसायला हवा असेल तर वेग बाराच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.४६ ने भागायचा. २५८ ला ३.४६ ने भागले तर आले साधारण ७४.५. ताशी ७४ किलोमीटरला आपली बोट विक्रमी ‘स्लो-मो-शन’ इतकीच वेगवान ‘दिसेल’.

हा वेग मिळेल का, तेही कागदावर काढता येते. मोटरवर एक आकडा छापलेला असतो, दर व्होल्टला किती फेरे. आमची मोटर २,००० ची. बॅटरी तीन सेलची, ११.१ व्होल्टची. गुणाकार केला तर मिनिटाला २२,२०० फेरे. प्रॉपेलर ४० मिलिमीटरचा, एका फेऱ्यात ५६ मिलिमीटर पुढे जाणारा. सगळे मिळून ताशी ७४ किलोमीटर आणि वर थोडे. मुलांचे डोळे चमकतात. मग बोट पाण्यात जाते आणि ५०-५५ च्या वर सरकत नाही, कारण भार पडला की फेरे कमी होतात आणि प्रॉपेलर पाण्यात थोडा घसरतोच. कागद आणि पाणी यांतले ते वीस किलोमीटर कुठे गेले, हे शोधणे म्हणजेच हा छंद. अभ्यासाशी काय संबंध, असे विचारणाऱ्या पालकांनी नववीच्या मुलाला हा प्रश्न घालून पाहावा.

बांधकामाबद्दल थोडक्यात. नकाशावरून तीन मिलिमीटर प्लायच्या बरगड्या कापायच्या, त्या पाट्यावर सरळ उभ्या करायच्या, लांब लाकडी पट्ट्यांनी जोडायच्या आणि वर दीड मिलिमीटरचे प्लाय मढवायचे. आत पातळ केलेल्या इपॉक्सीचा हात, नाहीतर प्लाय पाणी पिते. रिकाम्या जागेत थर्माकोल कोंबायचा, म्हणजे उलटलेली बोट बुडत नाही. रेडिओचा रिसीव्हर बंद डबीत. मोटर, वेगनियंत्रक असे सामान सदर पत्रप्पा रस्त्यावर किंवा ऑनलाइन मिळते. डेकवर महोगनीसारखा रंग आणि वॉर्निश, कारण त्या काळच्या बोटी लाकडाच्याच होत्या. आणि इंजिनाच्या मागे उघड्या कॉकपिटमध्ये चालकाचा बाहुला. जुन्या बोटीत चालक इंजिनाच्या मागे बसे, यावरून जुनी बोट लगेच ओळखता येते. बाहुला मुले मन लावून करतात. हेल्मेट, गॉगल, एकदा तर मिशासुद्धा.

एका गोष्टीवर मात्र दरवर्षी वाद होतो. स्पॉन्सनच्या तळाची मागची कड धारदार लागते. मुलांना सगळे घासून गोल, गुळगुळीत करायची सवय असते, दिसायला ते छान दिसते. पण पाणी गोल कडेला धरून वर वळते आणि बोटीला खाली ओढते. धारदार कडेपाशी ते तुटून सुटते. कॅटालिनाच्या पायरीचे काम तेच. गोल केलेली कड पुन्हा इपॉक्सीने भरून धारेवर आणायला एक रविवार जातो.

खरी परीक्षा पुढे आहे, तोल साधण्याची. बोट दोन बोटांवर तोलून पाहायची. गुरुत्वमध्य स्पॉन्सनच्या मागच्या कडेपासून थोडा मागे हवा. फार पुढे असेल तर नाळ पाण्यात खुपसते, बोट जड चालते. फार मागे असेल तर नाळ हलकी होते, बोट भन्नाट पळते आणि केव्हाही उलटते. बॅटरी वेल्क्रोवर बसवलेली असते ती यासाठीच, ती पाच-पाच मिलिमीटरने पुढे-मागे करता येते. स्पॉन्सनचा तळ पाण्याशी साधारण तीन अंशांचा कोन करतो. प्रॉपेलरच्या दांड्याची खोली एकेक मिलिमीटरने बदलायची. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. बेळगावचा एक कॅडेट पहिल्या दिवशी काठावर उभा राहून म्हणाला, “सर, ही पळंना की ओ!” त्याची वही पाहिली तर एकाच फेरीआधी बॅटरी, कोन आणि प्रॉपेलर तिन्ही बदललेले. कशामुळे काय झाले ते कोण सांगणार? पुढच्या तीन रविवारांत त्याने बावीस नोंदी केल्या. बावीसावीपर्यंत बोट पळू लागली होती.

आता नाळ वर का उचलली जाते ते पाहू. स्पॉन्सनमधल्या बोगद्यातल्या हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. समजा बोट ६० च्या वेगात आहे आणि समोरून १५ चा वारा आला. बोटीला हवा लागते ती ७५ ची. ७५ भागिले ६०, त्याचा वर्ग, म्हणजे १.५६. उचल दीडपटीहून जास्त. तेवढ्याने नाळ जराशी वर आली तर हवेला आणखी मोठा तळ मिळतो, उचल आणखी वाढते, नाळ आणखी वर येते. हे चक्र एकदा सुरू झाले की सेकंदाच्या आत बोट उभी राहून पाठीवर पडते. वारा पाठीमागून असेल तर तीच बोट शांतपणे जाते. म्हणून एकाच फेरीत एका बाजूला पूर्ण वेग चालतो आणि दुसऱ्या बाजूला चालत नाही. बेंगळुरू ९२० मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा समुद्रकाठापेक्षा काही टक्के विरळ, त्यामुळे मुंबईच्या मानाने आपल्याला किंचित सूट मिळते. फार नाही.

माल्कम कॅम्पबेल यांचा मुलगा डोनाल्ड. त्याची ‘ब्लूबर्ड के-७’ ही जेट इंजिनाची तीन टेकूंची बोट. १९५५ ते १९६४ या काळात तिने सात जागतिक विक्रम केले, शेवटचा २७६.३३ मैलांचा. तीनशे मैल ओलांडायचे म्हणून त्याने तिच्यात नवे इंजिन बसवले. ते होते ऑर्फियस, नॅट विमानाचे. तेच नॅट आणि तेच ऑर्फियस आपल्या एचएएलने इथे बेंगळुरूत परवान्यावर बनवले. कुर्ट टँक यांच्या हाताखाली इथेच घडलेल्या मारुत विमानातही दोन ऑर्फियस होती. मारुत एचएएलच्या संग्रहालयात पाहता येते. नॅटबद्दल कॅडेटना काही सांगायला नको, परमवीर चक्राच्या फलकावर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचे नाव रोज दिसते.

४ जानेवारी १९६७ ला कॉनिस्टन सरोवरावर डोनाल्डने पहिली फेरी २९७.६ मैलांची केली. विक्रमासाठी दोन्ही दिशांची सरासरी धरतात, म्हणून परत यायचे होते. आधीच्या फेरीने उठलेले पाणी पूर्ण शांत व्हायची वाट न पाहता तो परत निघाला. तीनशेच्या पुढे गेल्यावर नाळ उचलली गेली, बोट हवेत उलटी झाली आणि तो गेला. बोट तळातून वर काढली ती २००१ साली.

शर्यतींचा हिशोबही तसाच आहे. १९ जून १९६६ रोजी वॉशिंग्टनमधल्या एकाच दिवसाच्या शर्यतीत रॉन मसन, रेक्स मँचेस्टर आणि डॉन विल्सन हे तिघे चालक मेले. बिल मन्सी हा या खेळातला त्या काळचा सर्वांत यशस्वी चालक. तो १९८१ मध्ये अकापुल्को इथे बोट उलटून गेला. त्यानंतर काही वर्षांनी चालकांच्या डोक्यावर एफ-१६ लढाऊ विमानाची छत्री बसवू लागले. आपल्या मुलांच्या बोटींत ती नसते, कारण आपण १९५० च्या बोटी करतो. बाहुला उघड्यावर बसतो, पट्ट्याशिवाय. तेव्हाचे चालक पट्टा बांधत नसत. बोट उलटली तर बाहेर फेकले जाणे बरे, असा त्यांचा हिशोब.

हे सगळे वर्गात सांगावे की नाही, यावर आमच्या शिक्षकांत मतभेद आहेत. माझ्या मते सांगावे, आणि बोट पाण्यात टाकण्याआधी सांगावे.

शर्यत थांबलेल्या रांगेतून सुटत नाही. बोटी पाण्यात फिरत असतात, घड्याळ उलटे मोजत असते आणि शून्य झाल्यावरच सुरुवातीची रेघ ओलांडायची असते. आधी ओलांडली तर दंड. पाच सेकंद उरले असताना रेघेपासून किती लांब असावे, याचा अंदाज पहिल्या दोन शर्यतींत कोणालाच येत नाही. दोन बोयांभोवती तीन फेऱ्या. पुरेशी आघाडी नसताना दुसऱ्याच्या रांगेत घुसले तर बाद. गुण आम्ही मोठ्या बोटींचेच ठेवले आहेत, ४००, ३००, २२५, १६९, १२७. प्रत्येक आकडा आधीच्याच्या तीन चतुर्थांश आहे, हे ज्याने आधी ओळखले त्याला मी एक प्रॉपेलर दिला होता. शर्यत पुरी न करणाऱ्याला शून्य.

गेल्या फेब्रुवारीत हाऊसच्या शर्यतीत पाच बोटी होत्या. पहिल्या दोन हीट एका अकरावीच्या कॅडेटने सहज मारल्या. त्याची बोट सर्वांत हलकी होती, बॅटरी अगदी मागे सरकवलेली. दुसरा आला तो बेळगावचा, दोन्ही वेळा. तिसऱ्या हीटला दहा वाजून गेले होते आणि वारा उठला. काठावर आम्ही एक छोटे निशाण लावतो, ते ताठ फडकू लागले. मी दोघांनाही निशाण दाखवले. शर्यत थांबवली नाही. बोटीत माणूस असता तर थांबवली असती. बोटीत माणूस नाही, म्हणून हा निर्णय पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर सोडता येतो. मला या छंदात सर्वांत मोलाचे तेच वाटते.

बेळगावच्या मुलाने बॅटरी दहा मिलिमीटर पुढे घेतली आणि वाऱ्याच्या तोंडाच्या बाजूला प्रत्येक फेरीत थ्रॉटल सोडला. अकरावीच्या मुलाने काही बदलले नाही. दुसऱ्या फेरीत, वाऱ्याच्या तोंडावर, त्याची बोट उभी राहिली, क्षणभर तिचा पूर्ण तळ आम्हाला दिसला आणि ती पाठीवर पडली. एकाचे गुण आठशे, दुसऱ्याचे हजार.

हरलेला कॅडेट माझ्याशी बराच वेळ वाद घालत होता. “सर, वेग तर माझा जास्त होता. दोनदा सगळ्यांना हरवलं मी. मग हा नियम कसला?” त्याच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. वेगाची स्पर्धा असेल तर त्याचीच बोट सरस होती. मी त्याला एवढेच विचारले, की बोटीवरचा बाहुला कुठे आहे. कॉकपिट रिकामे होते. बोट ओढून आणल्यावर तो आणि बेळगावचा असे दोघे मिळून काठाकाठाने अर्धा तास बाहुला शोधत होते. सापडला नाही. या सत्रात त्याने नवा केला आहे, आणि बॅटरीच्या जागेसमोर वहीत वाऱ्यासाठी वेगळा रकाना आखला आहे.

काठावरचे आमचे नियम कडक आहेत. बंद पडलेल्या बोटीमागे कोणीही पाण्यात उतरायचे नाही. मासेमारीच्या दोराला टेनिसचा चेंडू बांधून बोट ओढून आणायची. प्रत्येक दिवशी पहिल्या फेरीआधी हातातला रेडिओ मुद्दाम बंद करून पाहायचा. मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी ती बोट चालणार नाही. फिरत्या प्रॉपेलरजवळ बोटे नाहीत, वाळवंटात चालवली तरी नाहीत.

पालकांसाठी बॅटरीबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आहेत, मोबाईलच्या बॅटरीच्या भावंडांपैकी, पण कवचाशिवाय. सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही आणि ३.३ च्या खाली उतरवायचा नाही. ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर ठेवायची. भरताना कोणीतरी समोर बसलेच पाहिजे आणि शेजारी वाळूची बादली हवी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. म्हणून सुट्टीवर जाताना मुलांना बोट नेता येते, बॅटरी शाळेत जमा करावी लागते. मुलगा कितीही म्हणाला की “बाबा, सर काही बोलणार नाहीत,” तरी सर बोलतील.

खर्च म्हणाल तर पहिल्या बोटीला सगळे धरून दहा हजारांच्या आसपास जातात. त्यात मोठा वाटा रेडिओ, मोटर आणि वेगनियंत्रकाचा, आणि ते पुढच्या बोटीत काढून बसवता येतात. लाकडाचा खर्च त्यामानाने किरकोळ आहे. एका हाऊसमधल्या चार जणांनी मिळून एक बोट केली तर ती अधिक चांगली होते, हा माझा अनुभव.

खरी अडचण पाण्याची आहे. या शहराला नदी नाही, जे आहे ते तलाव. सँकी तलाव १८८२ साली ज्यांनी बांधवला ते कर्नल रिचर्ड सँकी मद्रास इंजिनियर्सचे. पण बोट चालवायला परवानगी, जलपर्णी नसलेले पाणी आणि काठावर कमी गर्दी या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचित मिळतात. ज्या बेळ्ळंदूरवर कॅटालिना उतरत, तिथे सांडपाण्याने फेस साचला, आगी लागल्या. जानेवारी २०१८ मध्ये आग विझवायला लष्कराचे जवान बोलवावे लागले. तलावाचे पाणी जळते हे बाहेरगावच्या पालकांना खरे वाटत नाही. आमच्या बोटीला असल्या पाण्यात पाच मिनिटेही टिकता येणार नाही. वेगनियंत्रक थंड ठेवणारी नळी तलावातलेच पाणी ओढते आणि ती तुंबली की तो जळतो. सध्या आम्ही परवानगीने एक छोटे तळे वापरतो, रविवारी सकाळी सहा ते दहा. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा इतका असतो की तेव्हा फक्त बांधकाम चालते.

या पावसाळ्यात तीन बोटी पाट्यावर आहेत. दोन ‘स्लो-मो-शन’ आणि एक ‘के-७’, जिच्यात जेट अर्थातच नसेल, खाली लपवलेला प्रॉपेलर असेल. तिच्या निळ्या रंगाची नेमकी छटा कोणती, यावर दोन आठवडे चर्चा चालू आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्या पाण्यात जातील. ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी आठ दिवस आधी कळवावे आणि टोपी आणावी, तळ्यावर सावली नाही.